मिशनरी पाठवला, मग मागे राहिलेल्यांचं काय?

गेली काही वर्षं आमचं चर्च नेपाळमध्ये काम करणाऱ्या एका कुटुंबाला आधार देतंय. हे आज मुद्दाम लिहितेय, कारण नवी मुंबई-ठाण्यातल्या आपल्या बऱ्याच मराठी मंडळ्यांमध्ये मी एकच सूर ऐकते, की परदेशी मिशन म्हणजे मोठ्या पैसेवाल्या चर्चचं काम, आपण कुठे, आपली मंडळी छोटी, निम्मे लोक पेन्शनर, निम्म्यांचे घराचे हप्ते चालू, छताचं वॉटरप्रूफिंग अजून व्हायचंय आणि तुम्ही परदेशाच्या गोष्टी काय करता. मला हे अजिबात पटत नाही. आणि जी चर्चेस देतात त्यातली पुष्कळशी फक्त पैसे देतात, तेही मिशन संडेला एकदा, मोठं अर्पण, ग्रुपवर फोटो, झालं. अहो पण माणूस तिकडे गेला तरी त्याचं अर्धं घर इथेच असतं ना? म्हातारी आई इथे, मुलाची दहावी इथे, स्वतःचं म्हातारपण पुढे इथेच काढायचंय. परदेशी मिशनला आधार द्यायचा तर आधी हे इथलं घर सांभाळा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमची ताई (अख्खं चर्च तिला ताईच म्हणतं, नाव मुद्दाम लिहीत नाही, गावाचंही नाही) नर्स आहे, मिरजेला शिकलेली. तिचे मिस्टर लॅब टेक्निशियन. लग्नानंतर नेरूळला आले, दोघांच्या नोकऱ्या चांगल्या चालल्या होत्या, आणि एक दिवस पाळकसाहेबांना येऊन म्हणाले की आम्हाला नेपाळच्या डोंगरातल्या एका मिशन हॉस्पिटलमध्ये जायचंय. घरचे रडले, ऑफिसातल्यांनी वेड्यात काढलं, पण गेले.

नाव का लिहीत नाही तेही सांगते. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातच दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, आणि ऑगस्ट २०१८ पासून जी नवी फौजदारी संहिता लागू झाली तिच्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, परदेशी असाल तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर. ताई तिथे नर्सचं काम करायला गेलीय आणि तेच करते, बाळंतपणं, भाजलेली लहान मुलं, झाडावरून पडून हाडं मोडलेले लोक. कोणी विचारलं की तुम्ही इतक्या लांबून का आलात तर ती खरं तेच सांगते, येशूमुळे आले म्हणते. पण औषधाच्या बदल्यात विश्वास असला सौदा तिने कधी केला नाही आणि कोणी केलेला तिला चालत नाही. आम्हालाही चालणार नाही. मदत ही मदत म्हणूनच द्यायची, आजाऱ्याने आपल्या देवाचं नाव घेवो न घेवो. याबाबतीत आमच्या कमिटीत कधीच दुमत झालं नाही आणि याचा मला अभिमान आहे.

नेपाळशी आपलं नातं आजचं नाही बरं का. तिथे दवाखाने, शाळा, पाण्याच्या योजना असं सगळं काम ज्या युनायटेड मिशन टू नेपाळने उभं केलं तिची स्थापना काठमांडूत नाही, आपल्या नागपूरला झाली, मार्च १९५४ मध्ये. पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनचं मिशन हॉस्पिटल तेव्हापासूनचं आहे. हे मी चर्चमध्ये सांगितलं तेव्हा आमचे मूळचे नागपूरचे काका सुद्धा चकित झाले, त्यांनाही माहीत नव्हतं.

आम्ही काहीजण ताईला भेटायला जाऊन आलोय. गाडीने गोरखपूर, तिथून बसने सुनौली, कमानीखालून चालत बॉर्डर क्रॉस करायची, मग भैरहवा, बुटवल आणि पुढे वळणावळणाचा घाट, माझी तर पोटातली आतडी गोळा झाली होती. तिथे उपासना शनिवारी. आम्ही गेलो तेव्हा रविवारी तिकडे ऑफिसं-शाळा चालू होत्या, सुट्टी शनिवारची. चपला बाहेर, आत चटया टाकलेल्या, बायका एका बाजूला पुरुष एका बाजूला, आणि आत शिरलं की प्रत्येकजण दोन्ही हात जोडून "जय मसीह". भजनाचं पुस्तक हातात दिलं तर देवनागरीच की, म्हणून आम्ही सगळ्यांनी धडाधड वाचत गायलं, अर्थ निम्मा कळला निम्मा नाही, पण आवाज दिला. अर्पणाच्या वेळी एक आजी पुढे आल्या, पदराच्या गाठीतून मक्याचे दाणे काढले आणि थाळीत ओतले. नोटांच्या बाजूला ते पिवळे दाणे. कोणी वळूनही पाहिलं नाही, तिथे ते रोजचंच आहे.

त्या शनिवारच्या उपासनेमुळे २०१५ मध्ये फार वाईट झालं होतं. २५ एप्रिलचा तो ७.८ चा भूकंप, जवळजवळ नऊ हजार माणसं गेली, तो शनिवारी दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना झाला आणि त्या वेळी गावागावातली चर्चेस भरलेली होती. ताई तेव्हा इथेच नेरूळला होती, टीव्हीसमोर बसून रडत होती. मला वाटतं तिचं जायचं तेव्हाच ठरलं असावं, ती तसं म्हणत नाही.

आता मुद्द्यावर येते. ते जायच्या आधी कमिटीची मीटिंग झाली, आकडा ठरवायला, दर महिना किती द्यायचे. पाळकसाहेब म्हणाले, तिथलं राहणं-खाणं हॉस्पिटल बघणारे, तुम्ही मला सांगा यांच्या इथल्या काय काय गोष्टी अर्ध्यावर राहतायत. आणि त्यांनी ताईलाच विचारलं, तुला रात्री झोप कशामुळे लागणार नाही ते सांग. ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, आई. आई सांगलीला एकटी, डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, भाऊ नाही. दुसरं, मुलगा. तो तेव्हा नववीत, तिकडे नेला तर शिक्षणाचं काय आणि इथे ठेवला तर कुणाकडे. तिसरं तिच्या मिस्टरांनी सांगितलं, की नोकरी सोडली म्हणजे पीएफ बंद, मेडिक्लेम बंद, उद्या दहा वर्षांनी परत आलो तर काय घेऊन येणार.

झालं, आमचा मिशन फंड त्या तीन गोष्टींसाठीच आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्या तरुण संघातली दोन मुलं सांगलीला गेली, आजींबरोबर राहिली, थेंब घालायचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून आली. मुलगा खारघरला आमच्याच एका कुटुंबात राहून बारावी सायन्स झाला, क्लासची फी चर्चने भरली, पण त्याच्या डब्यात रोज काय गेलं, ताप आला तर कोण जागलं, प्रिलिमला मार्क कमी पडले तेव्हा कोण समजावत बसलं, हे सगळं त्या घरच्या काकूंनी केलं आणि माझ्या मते आमच्या चर्चमधली सगळ्यात मोठी मिशनरी तीच आहे, जी कधी वाशी खाडीच्या पलीकडे फारशी गेली नाही. मेडिक्लेमचा हप्ता चर्च भरतं, चौघांचा, आजींसकट. आणि दोघांच्या नावाने पेन्शनच्या खात्यात दर महिन्याला थोडी रक्कम जाते, न चुकता.

कागदोपत्रीही हे सोपं पडतं, कारण खर्च इथेच होतो. चर्चचा ट्रस्ट असतो, आणि ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्च करायचं तर त्यावर इन्कम टॅक्सची सूट आपोआप मिळत नाही, प्रत्यक्ष कर बोर्डाची खास मंजुरी लागते. आमच्या मंडळीतल्या सीए भाऊंनी हे पहिल्याच मीटिंगला समजावून सांगितलं होतं. कोणाला वैयक्तिक म्हणून ताईला नाताळची भेट पाठवायची असेल तर रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्सची सोय २००८ पासून आहेच, एनईएफटीतूनच जातात पैसे, २०२१ पासून एका वेळी २ लाखांपर्यंत. आपला १०० रुपया तिकडे १६० होतो, हा दर कित्येक वर्षं बांधलेला आहे.

हे मागे राहिलेल्यांचं जे मी धरून बसलेय ना, त्याला कारण आहे. आपण विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याचं नाव फार आदराने घेतो आणि घ्यायलाच हवं, १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा माणूस, वैजनाथ पंडितांच्या मदतीने नवा करार मराठीत आणून १८११ मध्ये श्रीरामपूरला छापला (बंगालचं श्रीरामपूर, आपलं नाही). त्याला पाठवणारी सोसायटी १७९२ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या केटरिंगला एका घरात स्थापन झाली, मूठभर पाळक होते, त्यांनी तिथल्या तिथे १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सचं वचन दिलं आणि चिठ्ठ्या तपकिरीच्या डबीत गोळा केल्या. त्यांच्यातला अँड्र्यू फुलर म्हणायचा की हे काम म्हणजे खोल खाणीत उतरणं, केरी उतरतोय आणि वर आम्ही दोर धरून उभे राहायचं. आणि फुलरने मरेपर्यंत धरला, गावोगाव फिरून पैसे जमवले. पण केरीची बायको डोरोथी? तिला यायचंच नव्हतं, शेवटच्या क्षणी तान्हं बाळ घेऊन जहाजात चढली. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला आणि तिचं मन जे ढासळलं ते १८०७ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत सावरलंच नाही. तिचा दोर कोणी धरला होता? मिशनच्या इतिहासावर आपण बायबल कॉलेजपासून संडे स्कूलपर्यंत बोलतो आणि डोरोथी एका वाक्यात उरकतो. मला ते फार लागतं.

पुढच्या मिशन संस्थांनी यातून धडा घेतला हे खरं. कोडाईकनालची शाळा १९०१ मध्ये निघाली ती मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच, ठरावीक वर्षांनी घरी जायची रजा मिळायची, मिशन बोर्डाचे डॉक्टर असायचे. म्हणजे गोऱ्या मिशनऱ्यांना पाठवणाऱ्यांनी हा विचार केला. आपल्या भारतीय मिशनऱ्यांसाठी तो आपण करायचा की नाही?

बरं, पैसे कमी आहेत म्हणाल तर पैसे कायम कमीच होते. आपल्या मुंबईत १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट उतरले, अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात तिथून, ज्याच्यातून पुढे नगरची शाळा-बोर्डिंगं झाली आणि माझे आजोबा अशाच एका बोर्डिंगात चौथी शिकले. त्या काळात अमेरिकेत बायकांच्या सेंट सोसायट्या होत्या, बोस्टनची १८०२ मध्ये सुरू झाली, आठवड्याला एक सेंट बाजूला टाकायचा आणि तो मिशनच्या कामाला द्यायचा. एक सेंट! पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन झालं, गावोगावी बायकांची रमाबाई सर्कल निघाली, आणि त्यांनी वचन दिलं ते एका वर्षाचं नाही, दहा वर्षांचं. म्हणून १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन सुरू करताना बाईंना पुढच्या महिन्याची काळजी नव्हती. मिरजेचं हॉस्पिटल डॉ. वॉनलेसनी १८९४ मध्ये उघडलं तेही बाहेरच्या साध्यासुध्या माणसांच्या अर्पणावर, आणि त्याच मिरजेत शिकलेली आमची ताई आज दुसऱ्या देशातल्या बायकांची बाळंतपणं करतेय. आपण इतकी वर्षं घेतलंय. आता द्यायची पाळी आपली आहे यात मला तरी शंका नाही.

आणि ही काही माझी नवीन कल्पना नाही. १९०५ च्या नाताळच्या दिवशी त्याच बंगालच्या श्रीरामपूरला व्ही. एस. अझरायांसारख्या भारतीय तरुणांनी नॅशनल मिशनरी सोसायटी काढली तेव्हा पैसा भारतीय, माणसं भारतीय, पुढारपण भारतीय असंच ठरवलं होतं. आपल्या कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला. आणि अजून मागे जायचं तर आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलाच, वसईचा, गोन्सालो गार्सिया जपानला गेला, पुढे व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, दुभाष्या म्हणून पुन्हा जपानात गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. तो कॅथलिक संत, आम्ही प्रॉटेस्टंट, पण वसईचा पोरगा तो वसईचा पोरगा. परदेशी मिशन म्हणजे गोऱ्यांचं काम असं म्हणणाऱ्यांना मी हे नाव आवर्जून सांगते.

मिझोरामच्या बायकांचं मात्र मला सगळ्यात जास्त कौतुक आहे. तिथे १९१० पासून एक रीत आहे, बुहफाइ थाम म्हणतात, प्रत्येक वेळी भात टाकताना बाई मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात काढून ठेवते, चर्चच्या बायका घरोघरी जाऊन ते गोळा करतात, विकतात आणि त्यातून मिशनरी पाठवले जातात, भारतभर आणि भारताबाहेर. शंभरापेक्षा जास्त वर्षं. आमच्या महिला संघात मी हे सांगितलं तर एक मावशी लगेच म्हणाल्या की अगं आमची रोज दोन वेळ पोळी असते, भात कुठे, मग ठरलं की तांदळाऐवजी प्रत्येकीने घरात एक डबा ठेवायचा आणि भाजी आणली की सुटे उरतील ते त्यात. आता सगळं जीपेवर चालतं म्हणून सुटे उरतच नाहीत ही नवीन अडचण आलीय, पण बायका मुद्दाम सुटे करून आणतात.

आणि कापणीचा सण! पावसाळा संपला की आमच्याकडे जो लिलाव होतो तो बघायला या एकदा. नवी मुंबईत कुणाची शेती, पण उलव्याहून कोणीतरी दुधी आणतं, कोणी अंडी, कोणी गच्चीवरच्या कुंडीतल्या मिरच्या, कोणी घरचं आवळ्याचं लोणचं, बेसनाचे लाडू. एनएमएमटीतून (नवी मुंबईची बससेवा) रिटायर झालेले आमचे काका लिलाव पुकारतात, आवाज असा की माइक लागत नाही. मागच्या वेळी एक नारळ २०० ला गेला, घेणाऱ्याने तो परत टेबलावर ठेवला, परत पुकारा, ५०० ला गेला, त्यानेही परत ठेवला, मग खारघरच्या त्या काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या ११०० आणि आता हा मी घरी नेणार, परत ठेवायचा नाही. तो पूर्ण लिलाव मिशन फंडाचा. आजींच्या मेडिक्लेमचा हप्ता त्या दुपारीच निघतो.

एक प्रश्न सोसायटीत, ऑफिसात नेहमी येतो, की तुम्हाला काय, तुम्हा लोकांना बाहेरून पैसा येतो. आमच्या चर्चला परदेशातून एक रुपया येत नाही, आणि ज्या संस्थांना येतो त्यांच्यासाठी परदेशी देणग्यांचा २०१० चा एफसीआरए कायदा आहे, २०२० पासून तर सगळा परदेशी पैसा आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच यावा लागतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर करता येत नाही, पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मी विचारणाऱ्यांना शांतपणे आमचा वार्षिक हिशोब दाखवते, नोटीस बोर्डवर लावलेलाच असतो. त्यात पैसा जाताना दिसतो. एकदोघांनी तो वाचल्यावर खारघरच्या त्या काकूंकडे मुलासाठी वह्या आणून दिल्या होत्या, ते ख्रिस्ती विश्वासातले नाहीत, शेजारी आहेत.

ताईशी दर गुरुवारी प्रार्थनेचा व्हिडिओ कॉल असतो, आपल्याकडे साडेआठ म्हणजे तिकडे पावणेनऊ, नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं. पहिल्यांदा आजी बोलतात, मग मुलगा, मग मंडळी. हा क्रम पाळकसाहेबांनीच लावून दिलाय. आधी घर, मग रिपोर्ट. बायबलमध्ये पौल फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो ना, की थेस्सलनीकात असतानाही तुम्ही माझ्या गरजेसाठी एकदा नाही, पुन्हा पुन्हा पाठवलंत. आणि त्यांनी नुसतं दान नाही पाठवलं, एपफ्रदीतासारखा आपला माणूस त्याच्या सेवेला पाठवला, जो तिथे आजारी पडून मरणाच्या दारात जाऊन आला. हे वचन मिशन संडेला वाचतात तेव्हा मला कायम त्या माणसाचं घर आठवतं, फिलिप्पैत त्याच्या घरी काय चाललं असेल.

ताईकडे जाऊन आल्यापासून इथेही थोडं काम वाढलंय. नेरूळ-सानपाड्याच्या सोसायट्यांमध्ये किती नेपाळी वॉचमन आहेत ते आपल्याला माहीत असतं, गेटवर रोज दिसतात, पण त्यातले काही उपासना शोधत फिरत असतात हे आम्हाला ताईने सांगितल्यावर कळलं, तिच्याच हॉस्पिटलच्या आसपासच्या गावांतले दोघं तर जवळच निघाले. आता महिन्यातून दोन रविवारी दुपारी आमचा हॉल त्यांना मिळतो, रात्रपाळी करून झोप काढून येतात, ढोलक त्यांचं, चहा आमचा. त्यांच्या मागे गावात राहिलेल्या बायकांपैकी कोणी हॉस्पिटलला आली तर ताई फोन लावून देते. मला हे फार आवडतं.

आता चालू विषय. ताई आणि तिचे मिस्टर पुढच्या मे महिन्यात दोन महिन्यांसाठी येतायत. त्यांचं जुनं भाड्याचं घर केव्हाच सुटलंय. कमिटीने एक नियम केलाय की पहिले तीन आठवडे त्यांना कुठल्याही चर्चमध्ये साक्ष द्यायला, भाषण करायला, स्लाइड दाखवायला बोलवायचं नाही, आम्हीही नाही, त्यांनी झोपायचं, सांगलीला जाऊन आईजवळ बसायचं आणि दोघांचं पूर्ण मेडिकल चेकअप करायचं. इतर मंडळ्यांनी कृपा करून तेवढं थांबावं. आणि नेरूळ, सानपाडा किंवा जुईनगरला कोणाचा वन बीएचके मे-जूनला रिकामा असेल, शक्यतो खालचा मजला किंवा लिफ्ट असलेला, कारण आजींना पण आणायचंय आणि त्यांचे गुडघे आता जिने मानत नाहीत, तर रविवारी उपासनेनंतर मला किंवा खजिनदारांना गाठा. भाडं आम्ही देऊ, गॅसची सोय मात्र तुमची हवी.